पासवर्ड बदलल्यानंतरही वडिलांच्या जीमेलमध्ये कोणी शिरलेले आहे का, हे कसे तपासावे?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील कराडला राहतात आणि सेवानिवृत्त आहेत. निवृत्तिवेतनाच्या काही कागदपत्रांची प्रत काढण्यासाठी त्यांनी मध्यंतरी एका झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर आपले जीमेल उघडले होते. निघताना लॉगआउट केले की नाही, हे त्यांना आठवत नाही. काही दिवसांनी विंडोज संगणकावरून नवीन साइन-इन झाल्याची सूचना त्यांच्या मोबाइलवर आली. घरी संगणकच नसल्यामुळे ते घाबरले, आणि मी पुण्याहून फोनवर सांगून त्यांच्याकडून पासवर्ड बदलून घेतला. तेव्हापासून इतर सर्व मेल नियमित येत आहेत. बँकेचे मात्र एकही येत नाही, अगदी स्पॅममध्येही नाही. बँकेत चौकशी केली असता मेल रोजच्याप्रमाणे पाठवले जात आहेत, असे उत्तर मिळाले. पासवर्ड बदलल्यावर तो अनोळखी माणूस बाहेर पडला, असे मानावे काय? नसल्यास नेमके कुठे पाहावे?

अक्षरजुळणी

आपल्या वर्णनावरून मला फिल्टरचा संशय येतो, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. पासवर्ड बदलल्यावर बहुतेक उपकरणांवरून खाते आपोआप साइन-आउट होते, हे खरे; परंतु आत असताना त्या व्यक्तीने ज्या सेटिंग्ज बदलून ठेवल्या असतील, त्या जशाच्या तशा राहतात. विशिष्ट शब्द असलेले किंवा विशिष्ट पत्त्यावरून आलेले मेल थेट काढून टाकावेत, असा फिल्टर लावला की ते इनबॉक्सपर्यंत पोहोचतच नाहीत. ते ट्रॅशमध्ये जातात आणि ३० दिवसांनी कायमचे नष्ट होतात. जीमेलच्या नेहमीच्या शोधात ट्रॅशमधील मेल दिसत नाहीत, त्यामुळे शोधूनही ते आले नाहीत असाच समज होतो.

हे फिल्टर मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत. तेव्हा वडिलांना पुन्हा दुकानात न पाठवता आपण स्वतःच्या विश्वासाच्या संगणकावर, त्यांना फोनवर घेऊन, खाते उघडा. सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस’ हा विभाग पाहा. शेजारच्या ‘फॉरवर्डिंग’ विभागात एखादा परका पत्ता आहे का, तेही पाहा. ‘अकाउंट्स’ विभागात खाते वापरण्याची परवानगी दुसऱ्या कोणाला दिली आहे का, हे कळते. ही जागा सहसा कोणी तपासत नाही. संशयास्पद काही आढळल्यास ते पुसण्यापूर्वी स्क्रीनशॉट अवश्य घ्या, कारण तक्रारीच्या वेळी तोच पुरावा ठरतो.

इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे बारीक अक्षरांत ‘डिटेल्स’ असा दुवा असतो. तेथे अलीकडे कोणत्या आयपी पत्त्यांवरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून) आणि कशाने, म्हणजे ब्राउझरने की मोबाइलने, मेल उघडले गेले ते दिसते. मोबाइल इंटरनेट वापरणारा कराडचा माणूस तेथे मुंबईचा दिसू शकतो. केवळ गावाचे नाव पाहून दचकू नये. प्रवेशाचा प्रकार आणि वेळ यांकडे अधिक लक्ष द्यावे.

आणखी एक. सूचना काही दिवसांनी आली, यावरून लॉगआउट राहून जाण्यापेक्षा त्या संगणकाच्या ब्राउझरने पासवर्ड जतन करून ठेवला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तोच पासवर्ड वडिलांनी इतरत्र वापरला असेल, तर तोही आजच बदला.

निंबोणी

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक आणि पर्यायी ईमेल पत्ता कोणाचा आहे, हेही पाहावे. तेथे अनोळखी क्रमांक असेल तर कोणीतरी शिरले होते, हे उघडच आहे. पण वडिलांचाच जुना, बंद झालेला क्रमांक असणेही धोक्याचे आहे, कारण बंद केलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तो बदलल्यावरही पुढील ७ दिवस गूगल जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

झेरॉक्सच्या दुकानांत आणखी एक प्रकार सर्रास चालतो: कागद छापण्यासाठी ग्राहकाचे व्हॉट्सअ‍ॅप दुकानाच्या संगणकाला जोडले जाते आणि तसेच राहते. वडिलांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी संगणक काढून टाका आणि त्याच बैठकीत सहा अंकी पिनही लावून घ्या.

अक्षरजुळणी

व्हॉट्सअ‍ॅपचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता. हल्ली मेलपेक्षा त्याचीच शक्यता अधिक.

कोयनाकाठ

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. शंका खरी निघाली. फिल्टरच्या यादीत एकच नोंद होती: बँकेचे नाव किंवा ‘ओटीपी’ हा शब्द असलेला मेल वाचलेला दाखवावा आणि काढून टाकावा. ट्रॅशमध्ये बँकेचे मेल सापडले, आणि त्यांत नेटबँकिंगचा पासवर्ड नव्याने तयार करण्याच्या विनंतीचेही मेल होते. बँकेला फोन करून नेटबँकिंग तत्काळ बंद करवले. खात्यातून रक्कम गेलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपला काही जोडलेले नव्हते. आता तक्रार करावी काय, आणि पुढे पासवर्ड दरमहा बदलत राहावे काय?

जुना कारकून

तक्रार अवश्य करावी. पैसे गेलेले नसले तरी दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क, म्हणजे इंग्रजी ६६सी, नुसार गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून स्क्रीनशॉट जोडा. पैसे गेल्याचे आढळल्यास मात्र अर्ज लिहीत बसू नये. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. बँकेलाही झालेला प्रकार लेखी कळवून पोच घ्या. तक्रारीत दुकानदारावर थेट आरोप करू नका; तो संगणक दिवसभरात कितीतरी ग्राहक हाताळतात.

दरमहा पासवर्ड बदलण्याचा मी विरोधक आहे. माणूस मग शेवटचा आकडा तेवढा बदलतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचाही सल्ला असाच आहे की, पासवर्ड फुटल्याची लक्षणे नसताना तो ठराविक मुदतीने बदलायला लावू नये. त्याऐवजी प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवा आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा संमती मागणारी सोय, सुरू करा. ती सुरू झाल्यावर, फोन हाताशी नसताना वापरण्यासाठी, गूगलकडून १० राखीव कोड घेता येतात. ते कागदावर छापून वडिलांच्या पासबुकाशेजारी कपाटात ठेवावेत. कागदावर काहीही लिहू नये, हा उपदेश कार्यालयात ठीक आहे. घरच्या कपाटापर्यंत दूर बसलेल्या चोराचा हात पोहोचत नाही. छपाई मात्र घरच्या किंवा आपल्या ओळखीच्या प्रिंटरवरच करावी.