रातकिडे रोज सकाळी उताणे पडलेले सापडतात, पाण्याचं काही चुकतंय का? (बडोदा)

बंड्याचा_बाप

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात राहतो, घरी दीड वर्षाचा बिअर्डेड ड्रॅगन आहे, नाव बंड्या. आजी म्हणते विश्वामित्रीत फुकट मगरी बघायला मिळतात तर तू पैसे देऊन सरडा का आणलास, पण तो विषय वेगळा. त्याला खायला आधी रातकिडे बाहेरगावाहून पार्सलने मागवायचो, निम्मे वाटेतच मेलेले यायचे, म्हणून मार्चमध्ये घरीच वाढवायला घेतले. मोठा प्लास्टिकचा टब, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेत, झाकणाला मोठं भोक पाडून स्टीलची जाळी.

आता पाण्याची रामायण ऐका. आधी बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं, त्यात दोन दिवसांत पंचवीस-तीस बुडून मेले. मग पाणीच काढून टाकलं, मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस तापमान, तर त्यांनी एकमेकांनाच खायला सुरुवात केली, कात टाकलेला पांढराशुभ्र मऊ रातकिडा दिसला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडायचे. मग स्पंज ठेवला, चार दिवसांत असा वास सुटला की आईने टब उचलून गॅलरीत नेला. शेवटी नर्सरीतून ते पाणी शोषणारे जेलचे दाणे आणले आणि जूनभर मस्त चाललं, पिल्लंसुद्धा झाली.

पण गेल्या आठ दिवसांपासून रोज सकाळी तीस-चाळीस उताणे पडलेले, काही मेलेले, काही पाय झाडत असतात. जेल रोज बदलतोय, गाजर ठेवतोय. पावसाची दमट हवा लागली का? की जेलच खराब? प्लीज सांगा, दीडएकशे उरलेत फक्त.

मीलवर्म_मावशी_इंदूर

अरे बाळा, स्पंजचं सगळ्यांचं असंच होतं, मी पण करून चुकलेय. त्यात विष्ठा पडते, खाणं पडतं, जंतू वाढतात, तो रोज उकळून घेणारा कोणी असेल तरच ठेवावा आणि असा माणूस मी अजून पाहिला नाही.

जेलचं सांगते. लहान चमचाभर कोरडे दाणे लिटरभर पाण्यात टाकले की भरपूर होतात, तेवढे एकदम ठेवायचे नाहीत, बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेव आणि रोज बशीभर काढ. नर्सरीतून आणलेस तर त्यात खत मिसळलेलं नाही ना हे बघ, काही पाकिटांत असतं. आणि जेल बशीतच ठेव, टबच्या तळाला सांडू देऊ नको. रातकिड्यांना पाणी हवं पण ओल नको. पाणी एका कोपऱ्यात, बाकी टब खडखडीत कोरडा. तळाला माती, भुसा काही घालू नकोस, नुसतं प्लास्टिक बरं, झाडता येतं. पावसाळ्यात मी गाजर, बटाटा रात्री ठेवून सकाळी काढूनच टाकते, नाहीतर संध्याकाळपर्यंत बुरशी. संत्र्याची फोड पण चालते, ती तर तुटून पडून खातात.

अंडी घालायला ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागतं ते वेगळ्या डब्यात दे, वरून जाळी लाव म्हणजे माद्या फक्त ती मागची सुई आत खुपसतील आणि बाकीचे अंडी उकरून खाणार नाहीत. तीस डिग्रीच्या आसपास दहा-बारा दिवसांत फुटतात. फुटल्यावर पिल्लं मुंगीपेक्षा लहान, त्यांना जेलचा पण चिकटा होतो, त्यांच्यासाठी मी ओला टिशू पेपर ठेवते, रोज नवा.

आणि हे सगळं कशासाठी, तर बंड्यासाठी. रातकिड्याच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुझा प्राणी ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला, भांड्यातलं पाणी बरेचदा ओळखत पण नाही, त्याला बरंचसं पाणी खाण्यातूनच मिळतं. तहानलेला सुकट रातकिडा दिलास तर पोट भरेल, पाणी कुठून मिळणार?

अलकापुरी_गेको

मावशींना अनुमोदन. माझ्याकडे लेपर्ड गेको आहे, ठिपक्यांची पाळीव पाल, बडोद्यातच. मागच्या पावसाळ्यात माझा सगळा टब बसला होता, कारण हवा खेळत नव्हती. झाकणाला टाचणीने भोकं पाडून उपयोग नाही, बाजूलाही जाळी हवी म्हणजे आरपार वारा जातो. नाक घालून बघ, डोळ्याला झोंबणारा वास आला तर विष्ठा साचून अमोनिया झालाय, त्यानेही पटापट मरतात.

खाण्याचं काय करतोस? मी गव्हाचा कोंडा चक्कीवरून आणतो आणि खंडेराव मार्केटमधून शेवग्याचा पाला, आपल्याकडे सरगवो सरगवो करतात तो. त्यात कॅल्शियम चांगलं असतं. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. सरड्याला द्यायच्या आधी चोवीस तास तरी किडे पोटभर खाऊन-पिऊन असले पाहिजेत ने. तरीपण वरून कॅल्शियमची पावडर भुरभुरवायचीच, रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो आणि आपल्याला हवं उलटं, कॅल्शियम दुप्पट. नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, मी एका मित्राच्या ड्रॅगनचा बघितलाय, परत बघवणार नाही. उन्हातले किरण देणारी यूव्हीबी ट्यूब आहे ना?

बंड्याचा_बाप

ट्यूब आहे, मागच्याच महिन्यात बदलली. वास अजिबात नाही, खरंच, आई रोज चेक करते. जेलमध्ये खत नाही, पाकीट परत वाचलं. बाजूला जाळी मात्र नाहीये, आजच कापतो. पण मावशी मग जूनमध्ये काही झालं नाही आणि आत्ताच का?

पादऱ्याचा_औषधवाला

भाऊ एक विचारू का. माझा पादऱ्याला शेतीच्या औषधांचा धंदा आहे, सरडा-बिरडा काही नाही, मुलाच्या फिशटँकसाठी या ग्रुपवर आलो होतो. तुम्ही लिहिलंय उताणे पडून पाय झाडतात. ओलीने किंवा वासाने मरणारा किडा सहसा असा मरत नाही, तो ट्रेखाली गप पडून राहतो. पाय झाडत उताणा म्हणजे बहुतेक पायरेथ्रॉइड, किडे मारायचं औषध. ते किड्याच्या मज्जातंतूंची दारं उघडी ठेवतं, तंतू थांबायचं नावच घेत नाहीत, म्हणून तडफड. आमच्याकडे फवारल्यावर कापसावरची अळी पण अशीच वळवळते.

तर खोलीत मच्छरचं लिक्विड लावताय का? अगरबत्ती, कॉइल? पाऊस सुरू झाला की सगळेच लावतात. नाहीतर कुणी पेस्ट कंट्रोल केलं, झुरळांचा खडू मारला, असं काही? घरात सगळ्यांना विचारा, फक्त स्वतःला नाही.

बंड्याचा_बाप

काका तुमच्या पाया पडतो.

लिक्विड नाही लावत आम्ही, मच्छरदाणी आहे. पण तुमची पोस्ट वाचून आजीला विचारलं तर म्हणाली, "खडू मारलाय की, मुंग्या लागत होत्या तुझ्या त्या किड्यांना, म्हटलं पोराचे किडे खाऊन टाकतील." म्हणजे माझ्या भल्यासाठी! स्टुलाच्या चारही पायांना आणि टबच्या कडेला पण गोल रेघ, झाकणाच्या कडेखाली, म्हणून मला दिसलीच नाही. पाऊस पडल्यावर भिंतीतून लाल मुंग्या निघाल्या होत्या, त्याच वेळी. बरोब्बर आठ दिवस.

आता टेन्शन हे की या आठ दिवसांत बंड्याला तीनदा त्यातलेच रातकिडे दिलेत. जिवंत, उड्या मारणारेच दिले होते, पण तरी. तो खातोय, हालतोय नॉर्मल.

पादऱ्याचा_औषधवाला

तुमच्या प्राण्याचं मी काही सांगणार नाही, ते माझं काम नाही. टबचं सांगतो. पुठ्ठ्याचे ट्रे सगळे फेका, पुठ्ठा औषध पिऊन बसतो. टब, झाकण, स्टूल साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा घासा, नुसत्या पाण्याने निघत नाही. घरात ऊन लागत नाही तिथे हे आठवडेच्या आठवडे टिकतं. हात पण धुवा. आणि आजींना रागावू नका.

मीलवर्म_मावशी_इंदूर

बंड्याला उद्याच सरडे बघणाऱ्या डॉक्टरांकडे ने, ठीक दिसतोय म्हणून थांबू नको. थरथर, मान वाकडी, तोंडातून लाळ असं काही दिसलं तर उद्याची पण वाट बघू नको. त्या टबातला एकही किडा आता त्याला घालायचा नाही, उड्या मारत असला तरी.

तोवर तो उपाशी मरत नाही. दीड वर्षाचा म्हणजे मोठा झाला, त्याला बहुतेक पालाभाजीच हवी, किडे आठवड्यातून दोन-तीनदा. दुधी, लाल भोपळा किसून दे, शेवग्याचा पाला दे, वर पाण्याचे थेंब शिंपड. मी तुला मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या अळ्या, पाठवते, ते वाटेत मरत नाहीत, कोंड्यात लोळत पडलेले असतात. फ्रिजमध्ये महिनाभर टिकतात, फक्त आठवड्यातून एकदा बाहेर काढून बटाट्याची फोड खाऊ घाल. पण रोजचं खाणं म्हणून नको, पाणी रातकिड्यापेक्षा कमी आणि चरबी जास्त.

मुंग्यांचं म्हणशील तर आमच्या आईकडे दुधाचं जाळीचं कपाट होतं, चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. तेच कर.

बंड्याचा_बाप

अपडेट देतो. डॉक्टरांकडे जाऊन आलो, तपासलं, सध्या काही लक्षण नाही, आठवडाभर लक्ष ठेवा आणि वजन रोज लिहा म्हणाले. आज ३८२ ग्रॅम, काल ३८०.

टब घासला, दोन बाजूंना जाळी लावली. आजीला मावशींची पोस्ट वाचून दाखवली तर ती उठून माळ्यावरून स्वतःच चार पितळी वाट्या घेऊन आली, म्हणाली आमच्या रावपुऱ्याच्या घरी पण असंच कपाट होतं, मला आठवायला हवं होतं. आता स्टुलाचे पाय वाट्यांत आहेत आणि वाट्यांत पाणी ती रोज बदलते, डास होतील म्हणून.

जुन्यातले एकवीस वाचलेत, वेगळ्या बरणीत ठेवलेत, ते बंड्याला कधीच देणार नाही. त्यातले दोन नर रात्रभर ओरडतात. पण खडू लागायच्या आधी ज्या कोकोपीटच्या डब्यात अंडी घातली होती तो डबा बाथरूमच्या फळीवर होता, म्हणजे त्याला काही लागलेलं नाही ना? काल त्यात काहीतरी हललं असं वाटलं.

अलकापुरी_गेको

फळीवर रेघ नसेल तर काही नाही. टिशू ओला करून ठेव आत्ताच, पिल्लं एका दुपारीत सुकतात.