सहायक सरकारी अभियोक्त्याला जिल्हा न्यायाधीश होता येते का?

प्रश्न
माझी पत्नी साडेआठ वर्षे सहायक सरकारी अभियोक्ता आहे. नामनिर्देशनाने भरावयाच्या जिल्हा न्यायाधीशाच्या पदासाठी अर्ज करण्याचा तिचा विचार आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३(२) प्रमाणे उमेदवार संघाच्या किंवा राज्याच्या सेवेत आधीपासून नसावा लागतो, त्यामुळे पगारी सरकारी वकिलाचा अर्ज टिकणार नाही, असे तिचे एक सहकारी छातीठोकपणे सांगतात. हे खरे आहे का? आणि ‘नामनिर्देशन’ म्हणजे सरकारने नाव सुचवायचे असते का?

प्रतिसाद १
सहकाऱ्यांनी अनुच्छेद वाचला आहे, त्यावरचे निकाल वाचलेले दिसत नाहीत. या अनुच्छेदातील ‘सेवा’ म्हणजे न्यायिक सेवा, म्हणजे न्यायाधीशांची सेवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच चंद्र मोहन प्रकरणात स्पष्ट केले. पुढे २०१३ च्या दीपक अग्रवाल प्रकरणात नेमका आपला प्रश्न होता. पूर्णवेळ पगारी असूनही जो सरकारतर्फे न्यायालयात उभा राहून खटला चालवतो, तो वकीलच राहतो, असे त्यात ठरले. म्हणजे कसोटी पगाराची नसून कामाची आहे. कार्यालयात बसून केवळ अभिप्राय लिहिणाऱ्या विधी अधिकाऱ्याला हा आधार तितका सहज मिळणार नाही.

नामनिर्देशनाबद्दल म्हणाल, तर महाराष्ट्राच्या नियमांत तो शब्द सरळसेवा भरतीसाठी येतो. लेखी परीक्षा आणि मुलाखत उच्च न्यायालय घेते, शिफारसही तेच करते आणि त्यानंतर राज्यपाल नियुक्ती करतात. मंत्रालयात खेटे घालण्याचे कारण नाही.

प्रतिसाद २
वरील उत्तराशी सहमत आहे. एक व्यावहारिक सूचना करतो. सरकारी अभियोक्त्याला हजर होण्यासाठी वकालतनामा (पक्षकाराने वकिलाला दिलेले अधिकारपत्र) लागत नाही, त्यामुळे पात्रतेसाठी लागणारे वकिलीचे किमान सात वर्षांचे काम दाखवायची वेळ आली की हाताशी कागद नसतो. ज्या खटल्यांत त्यांनी साक्षीदार तपासले त्यांच्या रोजनाम्यांच्या (न्यायालयातील रोजच्या कामकाजाच्या नोंदींच्या) आणि निकालपत्रांच्या प्रमाणित प्रती आत्ताच काढून ठेवाव्यात. निकालपत्राच्या पहिल्या पानावर सरकारतर्फे कोण हजर होते, ते नावानिशी असते.

पात्रतेपेक्षा मला काळजी परीक्षेतील दिवाणी कायद्याची वाटते. वर्षानुवर्षे फौजदारी काम केलेल्या माणसाला वाटपाचा दावा किंवा दरखास्तीतील (निकालाच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जातील) हरकती एकदम अंगावर आल्यासारख्या वाटतात. (मी स्वतः दोनदा तिथेच अडखळलो.)

प्रतिसाद ३
निवड झाल्यावरचा एक मुद्दा राहिला. ज्या खटल्यात आपण सरकारची बाजू मांडली, त्याचेच अपील किंवा पुनरीक्षण समोर आले तर ते ऐकू नये; प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांना कळवून दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावे. दंडाधिकाऱ्यांच्या निकालांवरची अपिले सत्र न्यायालयातच येत असल्याने हा प्रसंग आपल्या पत्नीवर लवकर येऊ शकतो. आपण चालवलेल्या खटल्यांची यादी त्यांनी जवळ ठेवावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. प्रमाणित प्रतींसाठी सोमवारी अर्ज करतो आहोत.