मदत हवी आहे: हवाई अंतरावरून रस्त्याचं अंतर कसं काढायचं?

दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन स्प्रेडशीटमध्ये अंतर आणि प्रवासाचा वेळ काढायचा तक्ता करतोय. हवाई अंतर हॅवरसाइन सूत्राने (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वांत जवळचं अंतर देणारं सूत्र) येतं, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरून. (अंश रेडियनमध्ये बदलायला विसरलं की उत्तर पार भलतंच येतं, ते तपासलंय.)

अडतंय ते रस्त्यापाशी. सध्या हवाई अंतराला सरसकट १.३ ने गुणतो. समजा दोन शहरं एकाच रेखांशावर, ४ अंशांच्या फरकाने आहेत. एका अंशाला सुमारे १११ किमी, म्हणून हवाई अंतर ४ × १११ म्हणजे ४४४ किमी, रस्त्याने साधारण ५७७ किमी. ताशी ५५ किमीने साडेदहा तास, थांबे वेगळे. सपाट प्रदेशात हे बरंचसं जुळतं. पण मध्ये डोंगररांग, खाडी किंवा मोठी नदी आली की गुणक कोलमडतो, कारण रस्ता घाटाकडे किंवा पुलाकडे वळसा घेतो. तिथे अंतर तर वाढतंच, वेगही उतरतो.

विमानासाठी ताशी ८०० किमी आणि वर ३० मिनिटं धरतो: धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं. म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे १ तास ५ मिनिटं. विमानतळावरचा वेळ यात नाही.

माझे प्रश्न:
घाट किंवा पूल हा मधला बिंदू धरून दोन तुकड्यांत मोजावं, की प्रदेशानुसार गुणक बदलावा? मला पहिलं पटतं, पण मधला बिंदू सूत्राने निवडता येईल का?
आणि पूर्व-पश्चिम लांब उड्डाणांत वाऱ्यामुळे जाता-येता पडणारा फरक कसा धरता?