लाईट गेल्यावर व्हीएमची जुनी पीआयडी फाईल मागे राहते अन् स्क्रिप्ट भलतीच व्हीएम मारते, काय करावं?

काटाघर_वणी

नमस्कार मंडळी. मी वणीजवळच्या एका जिनिंगमधले कॉम्प्युटर सांभाळतो. एकच मशीन आहे, त्यावर डेबियन लिनक्स टाकून केव्हीएमवर (लिनक्समधली त्यासाठीची सोय) चार व्हीएम, म्हणजे एकाच मशीनच्या आत चालणारी व्हर्च्युअल मशीन, चालवतो. एक वजनकाट्याची, एक हिशोबाची विंडोज, एक कॅमेऱ्याची आणि एक पोरांच्या प्रॅक्टिससाठी. व्हर्टमॅनेजर वगैरे काही नाही, मीच दोन वर्षांआधी एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती, तीच क्यूमू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) बॅकग्राउंडले सोडते आणि त्या प्रोसेसचा जो नंबर मिळेल, म्हणजे पीआयडी, तो फाईलमध्ये लिहून ठेवते. सगळं एकाच फोल्डरमध्ये आहे, होमखाली, डिस्क पण तिथंच, काटा डॉट पीआयडी, हिशोब डॉट पीआयडी पण तिथंच, मॉनिटरचे सॉकेट (चालू व्हीएमले कमांड पाठवायचा रस्ता) पण तिथंच.

आता झालं असं की मंगळवारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली आहे, पाच मिनिटांत सगळं बंद पडलं. जनरेटर सुरू झाल्यावर मशीन वर आलं, हिशोबाची व्हीएम उठली पण काट्याची उठेच ना. स्क्रिप्ट म्हणे आधीच चालू आहे. फाईलमध्ये नंबर होता १४१२, किल शून्य (प्रोसेस जिवंत आहे का एवढंच पाहणारी कमांड) करून पाहिलं तर १४१२ खरंच जिवंत. गेटवर ट्रॅक्टरांची लाईन लागलेली, हमाल बसून, मालक डोक्यावर उभा. मले वाटलं अडकली असेल, म्हणून स्टॉप मारला, स्क्रिप्टमध्ये शेवटी किल उणे नऊ आहे, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीनं मारणं. आणि गेली ती हिशोबाची व्हीएम! म्हणजे रीबूटनंतर १४१२ नंबर हिशोबाले मिळाला होता. त्यात कापसाच्या पावत्यांची एंट्री सुरू होती, डेटा रिपेअर करण्यात दीड दिवस गेला आणि शेतकऱ्यांचे पैसे तेवढे लांबले, ते मले फार लागलं.

आता मी विचार करून राहिलो की स्क्रिप्टच्या सुरुवातीलेच सगळ्या पीआयडी फाईली उडवून टाकाव्या. बरोबर होईल का? की प्रोसेसचं नाव क्यूमू आहे का ते तपासावं?

वऱ्हाडी_टर्मिनल

भाऊ, दोन्हीही करू नको, आधी ऐक.

तुमच्या गेटवर टोकन देत असतील न? रोज सकाळी एकपासून सुरू होते. काल ४० नंबरचं टोकन एकाचं होतं, आज ४० दुसऱ्याचं. कालची चिठ्ठी खिशात घेऊन तू आज ४० नंबरची गाडी काट्यावर घेतली तर दुसऱ्याचाच माल मोजला जाईन. पीआयडीचं तसंच आहे, रीबूट झालं की मोजणी पुन्हा खालून सुरू होते, आणि बूटच्या वेळी त्याच सेवा त्याच क्रमानं उठतात म्हणून नंबर जवळपास तेच तेच येतात. म्हणून तुला जे झालं ते नशीब खराब म्हणून नाही झालं, ते होणारच होतं.

नाव तपासून काम भागत नाही कारण तुझ्या चारही प्रोसेस क्यूमूच आहेत. १४१२ क्यूमूच निघाला असता, पण हिशोबाचा. आणि तसंही प्रॉकमधल्या (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारं फोल्डर) कॉम फाईलमध्ये नाव १५ अक्षरांवर कापलेलं असते, पूर्ण नावाशी जुळवायले गेला तर कधीच जुळत नाही. पाहाचंच असेल तर प्रॉकमधली कमांडलाईन पाह्य, त्यात तू नेम ऑप्शननं दिलेलं व्हीएमचं नाव असते, तिथं काटा लिहिलं आहे की हिशोब ते समजते.

आणि सुरुवातीलेच फाईली उडवशील तर एखादी व्हीएम खरंच चालू असताना कोणी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की तिचा पत्ताच हरवला. मग तीच डिस्क दोघं उघडायले जातात. क्यूमू २.१० पासून, म्हणजे २०१७ पासून, इमेजवर लॉक घेते म्हणून दुसरी सुरू होत नाही, राइट लॉक मिळालं नाही म्हणून ओरडते. पण ते लॉकिंग कोणी बंद करून ठेवलं असेल तर क्यूकाऊ२ ची, म्हणजे व्हीएमच्या डिस्क फाईलची, माती झालीच समज.

मुख्य गोष्ट म्हणजे प्रत्येक व्हीएमले तिचं तिचं घर दे, आणि घर दोन जागी दे. जे लाईट गेल्यावरही राहाले पाहिजे ते, म्हणजे डिस्क अन् सेटिंग, व्हार लिबखाली व्हीएमच्या नावाच्या फोल्डरमध्ये. आणि जे रीबूटनंतर खोटं ठरते, म्हणजे पीआयडी, मॉनिटर सॉकेट, ते सगळं रन खाली. रन ही टीएमपीएफएस आहे, रॅममध्ये राहते, मशीन बंद झालं की साफ. तुझी फाईल होमखाली डिस्कवर होती म्हणूनच ती वाचली अन् तिनंच घात केला.

अजून एक, पीआयडी तू स्वतः लिहू नको. क्यूमूले पीआयडीफाईल ऑप्शन दे, तो स्वतः लिहिते, त्या फाईलवर लॉक धरून बसते आणि नीट बंद झाला तर जाताना काढून टाकते. तू जो बॅकग्राउंडचा नंबर घेऊन राहिला तो उद्या डीमनाइज (क्यूमूनं स्वतःच बॅकग्राउंडले जायचा ऑप्शन) लावलं तर चुकीचाच येईन, कारण तो आईबापाचा नंबर असते, अन् तो मूल सोडून निघून जाते. लॉकचा फायदा काय, की प्रोसेस कशीही मेली, किल उणे नऊनं मेली तरी कर्नल लॉक सोडते. फाईल खोटं बोलू शकते, लॉक बोलत नाही.

किल शून्यवर पण आंधळा भरोसा ठेवू नको. साध्या युझरनं चालवलं अन् प्रोसेस रूटची असली तर परवानगी नाही म्हणून एरर येते, अन् स्क्रिप्ट समजते की मेली.

काटाघर_वणी

टोकनाची गोष्ट एकदम डोक्यात बसली भाऊ. रनखाली फोल्डर करून पाहिले, पण काट्याचा मॉनिटर सॉकेट बनत नाही, पाथ लांब आहे म्हणते. मी फोल्डरले मराठीत पूर्ण नाव दिलं आहे, जिनिंगचं नाव, मग विभाग, मग मशीन, म्हणजे दुसऱ्या कोणाले पण समजेन.

वऱ्हाडी_टर्मिनल

तिथंच आहे गोम. युनिक्स सॉकेटच्या पाथले लिनक्सवर १०८ बाइटची मर्यादा आहे, अन् बाइट म्हणजे अक्षर नाही. यूटीएफ ८ मध्ये देवनागरीचा एक एक तुकडा ३ बाइट खाते, काना मात्रा वेलांटी पण वेगळी मोजली जाते. 'काटा' एवढंच लिहिलं तरी १२ बाइट गेले. म्हणून रनखालची नावं इंग्रजी अक्षरात अन् आखूड ठेवजो. मराठी नाव पाहिजेच असेल तर व्हार लिबमधल्या फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाईल ठेव अन् त्यात लिही की ही कशाची व्हीएम आहे, कोण सांभाळते, त्याले काही मर्यादा नाही.

अकोल्याची_ताई

मी इथं मुलांना लिनक्स शिकवते, आमच्याकडे एका वेळी २०-२२ व्हीएम असतात, तर माझं म्हणणं जरा वेगळं आहे. वरचं सगळं बरोबर आहे पण दादा, पीआयडी फाईल मुळात लागतेच कशाला? डेबियनवर सिस्टमडी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम, आहेच. एक टेम्प्लेट युनिट, म्हणजे सारख्या सेवांसाठी एकच सेटिंग फाईल, बनवा, नावात ॲटचं चिन्ह असलेलं, आणि त्यापुढे काटा, हिशोब असं इन्स्टन्सचं नाव द्या. क्यूमूला डीमनाइज करू नका, समोरच चालू द्या. मग कोणती प्रोसेस कोणत्या व्हीएमची हे सीग्रुपवरून (कर्नलनं ठेवलेले प्रोसेसचे गट) सिस्टमडीलाच माहीत असतं, नंबर लिहून ठेवायची गरजच उरत नाही. फक्त युनिटचं नाव इंग्रजी अक्षरातच चालतं, देवनागरी घेत नाही.

फोल्डरसाठी युनिटमध्ये रनटाइम डिरेक्टरी आणि स्टेट डिरेक्टरी अशा दोन ओळी असतात, त्यात व्हीएम, तिरपी रेघ, मग टक्के आय (त्या जागी इन्स्टन्सचं नाव येतं) असं लिहायचं, म्हणजे प्रत्येकीचं फोल्डर आपोआप तयार होतं, मालकीही बरोबर लागते. इथं आम्ही एकदा फसलो होतो. टक्के आय न लिहिता नुसतं व्हीएम लिहिलं होतं, म्हणजे सगळ्यांचं रनटाइम फोल्डर एकच. एका मुलानं त्याची व्हीएम बंद केली, सिस्टमडीनं नियमाप्रमाणे फोल्डर काढून टाकलं आणि बाकी सगळ्यांचे सॉकेट त्याच्याबरोबर गेले. व्हीएम चालू होत्या, पण त्यांच्याशी बोलायचा रस्ताच बंद. प्रत्येकीचं फोल्डर वेगळं पाहिजे ते याच्यासाठी. परवानगी ०७०० ठेवा, म्हणजे फोल्डर ज्या युझरचं आहे त्यालाच, कारण मॉनिटर सॉकेटपर्यंत जो पोचला त्याच्या हातात ती व्हीएम आली.

आता बंद करण्याबद्दल, तुमचं खरं नुकसान तिथं झालं आहे. किल उणे नऊ तर नाहीच, पण साधा टर्म सिग्नल (बंद हो असं सांगणारा) दिला तरी क्यूमू स्वतः निघून जातो, आतल्या विंडोजला शटडाऊन मिळतच नाही, तिच्यासाठी ते लाईट गेल्यासारखंच. मॉनिटरवर सिस्टम पॉवरडाऊन पाठवायचं, म्हणजे आत पॉवर बटण दाबल्यासारखं होतं. क्यूएमपी (मॉनिटरशी प्रोग्रामनं बोलायची पद्धत) वापरत असाल तर आधी कॅपॅबिलिटीजची कमांड पाठवावी लागते, नाहीतर तो बाकी काही ऐकत नाही.

आणि एक्झेकस्टॉपमध्ये (युनिटमधली, सेवा बंद करताना चालणारी ओळ) नुसती ती कमांड पाठवून मोकळं होऊ नका! तुमची कमांड संपली की सिस्टमडी समजतो झालं, आणि उरलेल्या प्रोसेसला लगेच टर्म देतो. म्हणून तिथं छोटी स्क्रिप्ट पाहिजे, जी पॉवरडाऊन पाठवेल आणि क्यूमू खरंच जाईपर्यंत थांबेल. स्टॉपचा टाइमआऊट सहसा ९० सेकंद असतो, विंडोज अपडेट घेत बसली तर तेवढ्यात होत नाही, हिशोबाच्या व्हीएमला ३०० तरी ठेवा.

संत्राबाग_मोर्शी

लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर) वापरा न राजेहो, हे सगळं तो करूनच राहिला आहे. रन लिबव्हर्ट क्यूमूखाली प्रत्येक व्हीएमची पीआयडी फाईल असते, व्हार लिबखाली डोमेनच्या, म्हणजे व्हीएमच्या, नावाचं वेगळं फोल्डर, त्यात मॉनिटरचा सॉकेट. ऑटोस्टार्ट एका कमांडमध्ये. तरी वरचं समजून घेणं कामाचंच आहे, अडलं तर कुठं पाहायचं ते माहीत राहते.

काटाघर_वणी

ताई, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले पण टेम्प्लेट युनिटवर सगळं आणलं, सीझन सुरू असताना लिबव्हर्टवर जायची हिंमत नाही झाली, ते उन्हाळ्यात पाहीन. हिशोबाची व्हीएम बंद ठेवून तिच्या डिस्कवर क्यूमू इमेजचा चेक चालवला, एरर नाही निघाली. काल जेवणाच्या सुट्टीत काटा रिकामा असताना आधी काटा अन् हिशोब नीट बंद केले, मग प्रॅक्टिसची व्हीएम चालू ठेवून मशीनचा मेन स्विच खाली ओढला. वर आल्यावर रनखाली जुनं काहीच नव्हतं आणि चारही व्हीएम आपापल्या फोल्डरसकट उठल्या. हिशोबाले बंद व्हायले १४० सेकंद लागले, म्हणजे ९० ठेवले असते तर पुन्हा तेच झालं असतं. यूपीएसच्या बॅटरीसाठी मालकाले बोललो आहे, सोमवारी येते म्हणतात.