प्रति: शास्त्रज्ञ प्रशासनात गेला की संपला?

शास्त्रज्ञ प्रशासनात गेला की संपला, हे वरचं मत मला पटत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ शर्ली अॅन जॅक्सन यांचंच बघा. १९७३ साली एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातून सैद्धांतिक कणभौतिकीत पीएचडी. तिथे ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. मग बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत घनपदार्थांवर संशोधन, १९९५पासून अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचं अध्यक्षपद आणि १९९९ ते २०२२ अशी तब्बल तेवीस वर्षं रेन्सलर पॉलिटेक्निक या विद्यापीठाचं नेतृत्व!

एवढ्या पदांच्या धबडग्यात स्वतःचं संशोधन मागे पडतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि मलाही त्याची हळहळ वाटते. पण प्रयोगशाळेवर खर्च का करायचा, हे संस्थेच्या प्रमुखपदी बसलेल्या अशा शास्त्रज्ञाला समजावून सांगावं लागत नाही. संशोधन करणाऱ्या तरुण प्राध्यापकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.