लोकलवर थेट /, प्रॉडक्शनवर /पोर्टल. प्रीफिक्स कसा सांभाळता?

अर्धविराम:
नमस्कार. फ्लास्कमधलं (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ॲप आहे. माझ्या मशीनवर ते ५००० पोर्टवर थेट / वर चालतं. प्रॉडक्शनला मात्र त्याच डोमेनवर आधीपासून दुसरं ॲप असल्यामुळे मला /पोर्टल हा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचा भाग, मिळालाय, पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट ॲपकडे पोचवणारा प्रॉक्सी सर्व्हर) आहे. पहिल्याच दिवशी सीएसएस ४०४ (फाइल सापडत नाही), आणि लॉगिन केलं की माणूस थेट शेजारच्या ॲपच्या मुखपृष्ठावर.

घाईत जागोजागी "प्रॉडक्शन असेल तर /पोर्टल जोड" अशा अटी टाकल्या. आता त्या अकरा फायलींत पसरल्यात आणि प्रत्येक नव्या पानाला एखादी राहूनच जाते. ॲप्लिकेशन_रूट ही सेटिंग /पोर्टल करून पाहिली. रस्ते (ॲपच्या पानांचे पत्ते) बदलले नाहीत, उलट लोकलवर लॉगिनच टिकेना. तुम्ही हे कसं करता?

रात्रपाळी:
त्या सगळ्या अटी काढून टाका, अगदी एकही ठेवू नका. आपण कुठल्या पत्त्याखाली बसलोय हे ॲपच्या कोडला ठाऊक असायची गरज नाही, ते त्याला बाहेरून कळलं पाहिजे. डब्ल्यूएसजीआयमध्ये (सर्व्हर आणि पायथन ॲप यांच्यातला ठरलेला करार) त्याची सोय पहिल्यापासून आहे: स्क्रिप्ट_नेम म्हणजे ॲप जिथे बसवलंय तो भाग, पाथ_इन्फो म्हणजे त्यापुढचा. स्क्रिप्ट_नेम बरोबर आलं की यूआरएल_फॉर हे फ्लास्कचं पत्ता बनवणारं फंक्शन स्वतःच /पोर्टल लावून पत्ता देतं. म्हणून टेम्प्लेटमध्ये आणि रीडायरेक्टमध्ये हाताने लिहिलेला, / ने सुरू होणारा एकही पत्ता नको.

ते पोचवायचे दोन मार्ग आहेत. पहिला: एनजिनएक्सने प्रीफिक्स कापायचा आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रीफिक्स या हेडरमध्ये सांगायचा, ॲपमध्ये प्रॉक्सीफिक्सला (प्रॉक्सीची हेडर वाचणारं मिडलवेअर) एक्स_प्रीफिक्स=१ द्यायचं (मुळात ते ० असतं, म्हणून नुसतं प्रॉक्सीफिक्स लावून काही होत नाही). दुसरा: एनजिनएक्सने पत्ता जसाच्या तसा पाठवायचा आणि ॲपला वर्कझॉयगच्या (फ्लास्क ज्यावर उभं आहे ती लायब्ररी) डिस्पॅचरमिडलवेअरने /पोर्टल वर बसवायचं, प्रीफिक्स एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यायचा.

मी दुसरा घेईन, कारण तो लोकलवर एनजिनएक्स नसतानाही तसाच्या तसा चालतो. दोन्ही एकदम लावू नका, पत्ते /पोर्टल/पोर्टल असे येऊ शकतात.

आणि एनजिनएक्सच्या प्रॉक्सी_पास या ओळीच्या (रिक्वेस्ट कुठे पाठवायची ते सांगणारी) शेवटची ती एक तिरकी रेघ नीट बघा. लोकेशन /पोर्टल/ असताना पोर्टनंतर / लिहिलीत तर प्रीफिक्स कापला जातो, नाही लिहिलीत तर पूर्ण पत्ता पुढे जातो. मी एक अख्खी संध्याकाळ त्या रेघेवर घालवली आहे.

मूळपत्ता:
शक्य असेल तर वेगळा सबडोमेन मागा. प्रीफिक्सचा प्रश्नच उरत नाही, कुक्याही आपोआप वेगळ्या राहतात.

अर्धविराम:
@मूळपत्ता, मागितला होता. डीएनएस आमच्या हातात नाही, नकार आला.
@रात्रपाळी, दुसरा मार्ग केला. पानं, सीएसएस, रीडायरेक्ट सगळं जागेवर! पण जावास्क्रिप्टमधला फेच('/एपीआय/यादी') अजून शेजाऱ्याकडेच जातो. आणि लोकलवरच्या लॉगिनचं कोडं सुटलेलं नाही.

रात्रपाळी:
लॉगिनचं आधी. ॲप्लिकेशन_रूट रस्ते हलवत नाही, पण वेगळं काही सांगितलं नसेल तर सेशन कुकीचा (लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी) पाथ त्यावरूनच ठरतो. तुमची कुकी /पोर्टल साठी निघत होती आणि पानं / वर होती, मग ब्राउझर ती परत पाठवणार कशी? आता लोकललाही /पोर्टल खालीच चालवा, प्रश्न मिटेल. सेटिंग काढू मात्र नका, तिलाही त्याच व्हेरिएबलमधून किंमत द्या. ती नसेल तर कुकीचा पाथ / होतो, आणि शेजारचं ॲपही फ्लास्कचं असेल तर दोघांच्या 'सेशन' नावाच्या कुक्या एकमेकींना पुसतात. शिवाय रिक्वेस्टच्या बाहेर, म्हणजे पार्श्वभूमीत मेल पाठवताना, यूआरएल_फॉर प्रीफिक्ससाठी हीच सेटिंग बघतो. (तिथे सर्व्हर_नेमही लागेल.)

मूळपत्ता:
फेचसाठी: बेस टेम्प्लेटच्या बॉडीवर एक डेटा-रूट ॲट्रिब्यूट ठेवा, त्यात रिक्वेस्ट.स्क्रिप्ट_रूट छापा. त्याच्या शेवटी / नसते आणि मुळावर ते रिकामं असतं, त्यामुळे रूट + '/एपीआय/यादी' दोन्हीकडे बरोबर बसतं. एचटीएमएलच्या बेस टॅगचा (पानातल्या दुव्यांचा मूळ पत्ता ठरवणारा) मोह नको. / ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा प्रीफिक्स त्याने येत नाहीच, वर पानातले # चे दुवे भलतीकडे जातात.

पुढे व्हीट किंवा नेक्स्ट या जावास्क्रिप्टच्या साधनांवर जाणार असाल तर हे आजच लक्षात घ्या: व्हीटचं बेस आणि नेक्स्टचं बेसपाथ बिल्डच्या वेळी पक्कं होतं. सर्व्हर सुरू करताना व्हेरिएबल बदलून उपयोग नाही, नवा बिल्ड लागतो.

अर्धविराम:
दोन्ही झालं. अकराही फायलींतल्या अटी उडवल्या, प्रीफिक्स आता एकाच व्हेरिएबलमध्ये आहे आणि लोकललाही /पोर्टल ठेवलाय. लगेच एक चूक सापडली: फाइल अपलोडच्या फॉर्मचं ॲक्शन (फॉर्म जिथे जातो तो पत्ता) हाताने लिहिलेलं होतं, प्रॉडक्शनला ते आजवर कोणी वापरलंच नव्हतं. मनापासून आभार, दोघांचेही.

रात्रपाळी:
टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये ॲक्शन="/ आणि एचरेफ="/ असं ग्रेप करून (फायलींत शोधून) बघा. अपलोडसारखे आणखी निघतील.