जर्मनीत पीएच.डी. : आधी भाषा की आधी जागा?

धागाकर्ता, ड्रेस्डेन :
जर्मनीत पीएच.डी.साठी येणाऱ्याने पुण्यात जर्मन भाषेची बी-१ ही तिसरी पातळी पूर्ण केल्याशिवाय निघूच नये, असे जर्मन शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने परवा लिहिले. ते वाचून मला गप्प बसवत नाही. आमच्या जैवरसायनशास्त्राच्या गटात आठ देशांचे लोक आहेत, बैठक इंग्रजीत होते आणि प्रबंधही इंग्रजीत देता येतो. लातूरच्या मुलीने कर्ज काढून पुण्यात वर्षभर खोली घ्यायची आणि तोवर पीएच.डी.ची जागा दुसऱ्याला जाऊ द्यायची, हा सल्ला कोणाच्या भल्याचा?

आखेनहून :
जागा जाते हे खरे, पण तुम्ही बैठकीच्या दाराबाहेर पाहिलेलेच नाही. माझे प्रथिन पाच महिने शुद्ध मिळत नव्हते. शीतकक्षाचे तापमान रात्री चढते, हे आमच्या जुन्या तंत्रज्ञ बाई जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर जर्मनमध्ये सांगत होत्या आणि मी मान डोलावत होतो. त्याच वर्षी टपालपेटीत एक पिवळे पाकीट आले. पोस्टमनने त्यावर पेनाने तारीख घातली होती. जाहिरात समजून मी ते तीन आठवडे फ्रिजवर ठेवले. सोडलेल्या घराच्या इंटरनेट बिलासाठी न्यायालयाने पाठवलेला तो वसुलीचा आदेश होता, आणि आक्षेपाचे दोन आठवडे उलटून गेले होते.

पुण्याहून :
इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि कवट्यांच्या असममितीवरचा प्रबंध त्यांनी जर्मनमध्ये लिहिला. तेव्हा ना ॲप होते, ना यूट्यूब. आजच्या मुलांना ए-१ ही पहिली पातळीसुद्धा जड का वाटावी?

ड्रेस्डेन :
कृपा करून इरावतीबाईंना आमच्या डोक्यावर मारू नका. त्या काळी तिथे विज्ञानाची भाषाच जर्मन होती, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. तीन वर्षांच्या करारावर काम करणाऱ्या मुलीची गाठ आज वेगळ्याच जगाशी आहे.

गोटिंगेनहून :
तुम्ही दोघेही विज्ञानापलीकडे पाहत नाही, याचा मला राग येतो. मी संस्कृतात पीएच.डी. करते आहे. बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या काळात निघाला, आणि त्यात संस्कृत शब्दांचे अर्थ जर्मनमध्ये दिलेले आहेत. पाणिनीच्या देशातून आलेली मी पहिले सहा महिने संस्कृत शब्दाचा अर्थ पाहायला आधी जर्मन शब्दकोश उघडत होते. मार्गदर्शक माझ्याशी इंग्रजीतच बोलत. पण जर्मन ग्रंथांतल्या टिपा वाचता येत नसतील, तर वाद घालायचा कशाच्या बळावर?

पुण्याहून :
मीही तेच म्हणत होतो.

गोटिंगेनहून :
नाही, तुम्ही मुलांना आळशी ठरवत होता. मी नोकरी सांभाळून रात्री शिकले आणि तरीही ते मला जडच गेले.

ड्रेस्डेन :
संस्कृताचे मला मान्य करावेच लागेल. इतिहास आणि कायद्याचेही तसेच असणार. पिवळ्या पाकिटाचेही मान्य, कारण तशा पाकिटाने मीही एकदा हात पोळून घेतला आहे. बी-१ची अट मात्र मला मुळीच मान्य नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलीला मी आज एवढेच कळवले, की ए-१ करून ये, आल्यावर संध्याकाळचा वर्ग लाव, पण मिळालेली जागा सोडू नकोस.